मामा, त्या न खेळलेल्या सोमवाराबद्दल

आपल्या लिंगायतांत माणसाला शेवटी आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, हे मला माहीत होतं, मामा. तरीही तुम्हाला खुर्चीत बसवलेलं पाहिलं, कपाळभर भस्म, गळ्यात शेवंतीचे हार, आणि मला आधी रडू आलं नाही. मला वाटलं, काहीतरी चुकतंय. चार वर्षांत एकाही सामन्यात तुम्ही बसला नव्हतात. मैदानाच्या कडेला तुमच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असायची, तिच्यावर तुमची पिशवी बसायची आणि तुम्ही रेषेवर उभे. पंच म्हणायचे, "सर, मागं व्हा." तुम्ही एक पाऊल मागं जायचात आणि बोलता बोलता दोन पावलं पुढं.

शोएब माझ्या शेजारी उभा होता. तुमचा कळंबचा शोएब, गोलकीपर आणि कप्तान. बराच वेळ तुमच्याकडं बघून तो हळूच म्हणाला, "दीदी, सर उठंनात की." आपण काय बोललो हे त्याला नंतर कळलं असावं. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

विद्यापीठात श्रद्धांजलीची सभा झाली. तुमचं शिक्षण, तुमची नोकरी, तुम्ही कधी क्रीडा संचालक झालात, सगळं लोकांनी सांगितलं. मग माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. आईनं कोपरानं ढोसलं, तरी उठले नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ऱ्हाऊ द्या, ती लिहून दील." म्हणून लिहितेय. जे सांगायचंय ते खरं तर एकट्या तुम्हाला सांगायचं होतं. पण चूक मी सगळ्यांसमोर केली होती, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच लिहायला हवं.

आधी आपलं भांडण, कारण ते तसंच राहिलं.

तुम्ही कोल्हापुरात शारीरिक शिक्षणाचं शिकलात आणि तिथून फुटबॉल घेऊन आलात. तिथं संघ पेठेचा असतो, तालमीचा असतो, आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी भाजी निवडणारी म्हातारीसुद्धा कुणाचा गुडघा दुखतोय ते सांगते, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल. आपल्याकडं खो-खो, कबड्डी, कुस्ती. मठाच्या कॉलेजचं विद्यापीठ झालं, तुम्ही फुटबॉलचा संघ मागितलात, तेव्हा लोक हसले होते. बेंबळीत, तुमच्याच गावात, कुणीतरी विचारलं होतं, "सर, एका चेंडूमागं बावीस जण पळण्यापरीस बावीस चेंडू का घिऊन देत न्हाईत?" तुम्ही तो किस्सा स्वतःच सगळ्यांना सांगायचात.

संघ झाला. तेवढ्यावर तुमचं समाधान नव्हतं. "संघ काय, अकरा पोरं गोळा केली की झाला," तुम्ही म्हणालात. "माणसं पायजेत. आपली मॅच हाय म्हटल्यावर कामं टाकून बसणारी. निस्ती हितली न्हाईत, देशभरची."

आमच्या घरी, स्वयंपाकघरात, चहा पिताना म्हणालात. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलले.

"मामा, पेठेत कुणीही खोली भाड्यानं घेऊन राहू शकतं. मठाचं तसं नाही. मठ म्हणजे श्रद्धा आली. पोरांच्या छातीवर मठाचं नाव असलं की बाहेरचा माणूस म्हणणार, हा त्यांचा संघ, आपला नाही."

"मठात दासोहाला जेवायला कोण येतंय?"

"कोण?"

"समदे येत्यात. पंगतीत बसल्यावर तुला कुणी इचारलं का कवा, तू कुणाची म्हणून? भाकरी वाढली का न्हाय?"

"जेवणं वेगळं, टाळी वाजवणं वेगळं. भूक सगळ्यांना लागते. टाळी माणूस आपल्या माणसासाठीच वाजवतो."

तुम्ही चहा बशीत ओतलात. आईकडं बघून म्हणालात, "तायडे, तुझी पोरगी दिवसात धा शब्द बोलती, आन् त्यातले नऊ आज मलाच ऐकवले." मग माझ्याकडं वळून, "टाळीची बी भूक असती, माय."

मी उठून माझा कप विसळला. पटलं मात्र नाही. हे असंच चालायचं आपलं.

मी तेव्हा एम. ए. करून घरात बसले होते. आईला माझ्या लग्नाची काळजी होती, तुम्हाला माझ्या गप्प बसण्याची. तुम्ही मला काम दिलंत: फोनवर संघाचं पेज चालवायचं. फोटो टाकायचे, निकाल टाकायचा, सामना थेट दाखवायचा आणि दोन ओळी इंग्रजीत लिहायच्या, म्हणजे बाहेरच्या लोकांना कळेल. "बोलायचं न्हाय काई. निस्तं लिवायचं. तुजं नाव बी कुठं येणार न्हाय." माझं नाव कुठंही येणार नाही, हे आमिष होऊ शकतं, हे फक्त तुम्हाला माहीत होतं. बाकी सगळे मला पुढं ढकलायचे. तुम्ही मला लपायला जागा दिलीत आणि ती जागा अशी निवडलीत की लपून बसल्या बसल्या मी जगाशी बोलायला लागले. याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. आपल्यात मामाचे आभार मानत नाहीत, मानले तर ते रागावतात, म्हणून राहिलं.

पहिला सामना मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून दाखवला. बघणारे अकरा. त्यातले नऊ होस्टेलमधले, एक आई, आणि अकरावे तुम्ही स्वतः, कारण मैदानावर उभे असतानाही तुम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो चालू करून ठेवला होता.

मग हळूहळू माणसं आली. आसामातून कुणीतरी लिहिलं, सात नंबरचा मुलगा छान पळतो. तुम्ही ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलंत. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवर भारताचा नकाशा आला, शाळेतला, जुना, कडा फाटलेला, आणि आसामवर मामींची लाल टिकली. त्यानंतर जिथून कुणी अनोळखी माणूस लिहायचा तिथं टिकली. केरळात दोन. ओडिशात एक. मामी माझ्या देखत तुम्हाला बोलल्या होत्या, "अख्खं पाकीट संपवलं ह्या माणसानं. उद्या मी काय बिनकुंकवाची फिरू?" तुम्ही हसलात, "अगं, देशाला सवाशीण करायलोय."

मला ते आठवून लिहवत नाही, मामा. परवा ऑफिसात तुमचं सामान आणायला गेले तेव्हा नकाशा तसाच होता.

भांडणात मी एकदा हरले होते, तेही सांगून टाकते. कळंबच्या मैदानावर एक मैत्रीचा सामना झाला, तेव्हा शोएबच्या मोहल्ल्यातली माणसं एका बाजूला बसली होती. त्याचे चाचा भजी खात खात ओरडत होते, "चल मठ! दबाव मठ! अरे मठ, उधर देख ना!" जन्मात मठाची पायरी न चढलेली माणसं, आणि त्यांच्यासाठी मठ हे नुसतं एका संघाचं नाव झालं होतं. ईट गावाहून दोन जीप भरून लोक आले होते, त्यांनी ते उचललं, आणि शेवटी अर्धं मैदान तेच ओरडत होतं. तुम्ही पार त्या टोकाला होतात. तिथून माझ्याकडं बघून तुम्ही नुसत्या भुवया वर केल्यात. मी फोन सरळ धरण्याच्या निमित्तानं मान फिरवली. मी हरले होते. कबूल केलं नाही, एवढंच.

आता सोमवार.

ज्या जमिनीवर आपलं मैदान आहे ती मठाचं शेत होती. शिवलिंगआप्पा ती वर्षानुवर्षं वाट्यानं कसायचे. मैदान आखायला तुम्ही गेलात तेव्हा आप्पा बांधावर येऊन उभे राहिले. जमीन गेली म्हणून ते तक्रार करतील असं तुम्हाला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "सर, ह्या मातीत सोमवारी औत चाललं न्हाय कवा. बैलाच्या खांद्यावर जू ठिवलं न्हाय. तुमचा चेंडू बी सोमवारी चालवू नगा." तुम्ही हो म्हणालात. आपल्याकडं अजून पुष्कळ घरांत सोमवारी बैल जुंपत नाहीत, त्यात नवल नव्हतं. पण तुम्ही ते फुटबॉलला लावलंत. सोमवारी सराव नाही, सोमवारी सामना नाही. मैदान झोपतं म्हणायचात. पोरं खूश होती, कपडे धुवायचे, झोपायचे, गावात हिंडायचे. चार वर्षं त्या शब्दाची काही किंमत पडली नाही, कारण कुणी कधी सोमवारी खेळायला बोलावलंच नाही.

यंदा संघ परराज्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला आणि शेवटच्या चारांत आला. कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. वेळापत्रकात सोमवारी सुट्टी होती, म्हणून तुम्ही निर्धास्त होतात. रविवारी दुपारी आयोजकांनी सामना एक दिवस अलीकडं ओढला. तुम्ही मंगळवार मागितलात. त्यांनी दिला नाही. त्यांचंही बरोबर असेल, एका संघासाठी कोण थांबतं.

तुम्ही स्वामीजींना फोन केलात. मला वाटलं होतं, मठातून आज्ञा आली असेल. नंतर तुम्हीच सांगितलंत की तसं काही नव्हतं. स्वामीजी म्हणाले होते, "हा नियम मठाचा नाही, सर. शब्द तुम्ही दिलाय. तुम्हीच ठरवा." म्हणजे सुटायला पूर्ण दार उघडं होतं, आणि तुम्ही आतच थांबलात.

पोरं तुमच्याभोवती गोळा झाली होती. शोएबनं विचारलं होतं, "सर, तुमचा सोमवार, माझा शुक्रवार, अमोलचा शनिवार, मग मॅच कवा खेळायची वो?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. आणि मग तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा हसू जिथल्या तिथं थांबलं, असं तो सांगत होता.

संध्याकाळी तुम्ही मला फोन केलात. मी भांडले. फोनवर एवढं मी कुणाशी भांडले नव्हते.

"मामा, शब्द त्या मैदानाचा होता. ते मैदान इथं आहे. तिथली माती दुसरी आहे."

"माती दुसरी हाय. पोरं तीच हायत."

"पोरांना खेळायचंय!"

"बैलाला बी वैरण दिसली की चालायचं असतं. थांबवायचं कुणीतरी लागतं."

"ते बैल नाहीत. शेवटच्या वर्षातल्या मुलांना परत संधी मिळणार नाही. आणि जे बाहेरचे लोक आता कुठं आपल्याकडं बघायला लागलेत, त्यांना काय सांगायचं? मी म्हणत होते ना, शेवटी मठ आडवा येणार."

तुम्ही मला पुरतं बोलू दिलंत. मग म्हणालात, "हे बग, आपुण कोण हाय ते झाकून माणसं गोळा केली, तर ती आपली कशी हुतील? लिही. म्या सांगतो तसं."

आणि तुम्ही सांगितलंत. मी कागदावर उतरवून घेतलं, तो कागद अजून आहे: "आमच्याकडं सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आमची पोरं बैलावानी राबतात. म्हणून आम्ही उद्या खेळणार नाही. ज्यांना राग आला त्यांची हात जोडून माफी. मंगळवारी कुणी बोलावलं तर चालत येऊ."

मी हे लिहिलं नाही.

मी इंग्रजीत लिहिलं, काही अपरिहार्य कारणांमुळे आमचा संघ उद्याचा सामना खेळू शकत नाही, क्षमस्व. दोन ओळी. व्याकरण बिनचूक.

का, ते तुम्हाला माहीत असणार. शाळेत असताना दर सोमवारी आई माझ्या कपाळाला भस्म लावायची आणि शाळेच्या फाटकापाशी मी ते रुमालानं पुसायचे. माझ्या इंग्रजी शाळेत कुणी त्यावरून मला छळलं नव्हतं. एका मुलीनं फक्त विचारलं होतं, हे काय आहे, आणि मला सांगता आलं नव्हतं. एकदा तुम्ही मला स्कूटरवरून सोडायला आला होतात. मी उतरून पाठ फिरवली, पुसलं, आणि वळून पाहिलं तर तुम्ही स्कूटरच्या आरशात बघत होतात. आपली नजर आरशात मिळाली. तुम्ही किक मारलीत आणि गेलात. आईला कधी सांगितलं नाहीत.

त्या रविवारी मी तेच केलं. बैल, जू, सोमवार, हे इंग्रजीत लिहिलं तर लोक हसतील, आपल्या पोरांना बैल म्हणतील, असं वाटलं. मी तुमच्या वाक्यावरून रुमाल फिरवला. तुम्ही परत आल्यावर ते वाचलंत, ओठ हलवत, एकेक शब्द, आणि म्हणालात, "इंग्लिश चांगलंय." बस, एवढंच.

कारण दिलं नाही की लोक कारणं शोधतात. संघ घाबरून पळाला. मुलांची वयं खोटी होती, पकडले जाणार होते. सामना विकला. रोज काहीतरी नवीन यायचं. पूर्वी मी चहाच्या वेळी माझा फोन तुमच्यापुढं धरायचे, आता धरेनाशी झाले. तुम्ही विचारायचात, "काय म्हणत्यात लोकं?" मी म्हणायचे, "काही नाही मामा, शुभेच्छा देतायत." तुम्ही मान हलवायचात. "बरं हाय."

मग एक दिवस मी बसले आणि शिव्या देणाऱ्या, टिंगल करणाऱ्या सगळ्या खात्यांना एकामागून एक पेजवर बंदी घातली. त्यात एक खातं होतं, कोच नंबर वन नावाचं. फोटो नाही, काही नाही. ते प्रत्येक शिवीखाली जाऊन तेच तेच लिहीत होतं, मोडक्या इंग्रजीत: "सर, मंडे बुलक रेस्ट. सॉरी सर. कम अवर ग्राउंड, टी रेडी." मला वाटलं, जिल्ह्यातल्याच कुणाला तरी कारण कळलंय आणि तो आपली चेष्टा करतोय. मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला. मी त्यालाही बंद केलं, आणि त्यानं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.

तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशी मामींनी तुमचा फोन माझ्याकडं दिला. म्हणाल्या, "ह्यातले फोटो काढून दे, तुला कळतंय." मी फोटो काढले. मग संघाचं पेज उघडायला गेले, सवयीनं. उघडेना. हे पान तुम्हाला दिसू शकत नाही, असं आलं. वर कोपऱ्यात खात्याचं नाव होतं, कोच नंबर वन.

होस्टेलच्या पोरांनी तुम्हाला ते काढून दिलं होतं, मी शोएबला विचारलं. "सर म्हणले, दीदी बिझी असते, मला माझं माझं बघायचंय." मी बिझी असते, असं सांगितलंत तुम्ही पोरांना.

मी मामींना विचारलं, मामा पेजबद्दल काही बोलले होते का. त्या ज्वारी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बोलले की. एक दिवस म्हणले, पोरीनं पेज बंद केलं वाटतं, दिसंना मला. माझ्या सोमवारापायी लाज वाटली असंल तिला. म्या म्हणलं, मग इचारा की तिला. तर म्हणले, नगं, उगं तिला वाईट वाटंल."

मामा, पेज चालू होतं. मी बंद केलं नव्हतं. शेवटचे तेवढे आठवडे तुमचा संघ आसामातल्या माणसाला दिसत होता, केरळातल्या माणसाला दिसत होता, शिव्या देणाऱ्यांनासुद्धा दुसरं खातं काढून बघता येत होता. दिसत नव्हता तो फक्त तुम्हाला. आणि तुम्ही रोज चहाला यायचात, आईशी बोलायचात, मला "काय मॅडम" म्हणायचात, आणि हे मनात ठेवून बशीतला चहा प्यायचात. एकदा विचारलं असतंत, मामा. एकदा म्हणाला असतात, पेज का दिसंना. मी फोन हातात घेतला असता, दोन मिनिटांत कळलं असतं, मी मेल्याहून मेल्यासारखी झाले असते आणि तुम्ही पोट धरून हसला असतात. ते हसणं मला ऐकू येतं. ते झालं नाही.

यात कुणाला पकडायचं, ते मला समजत नाही. तुम्ही मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलात. मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले. आपण दोघं एकमेकांना इतकं जपत होतो की शेवटी काहीच पोचलं नाही.

आणि एक सांगू? मला अजूनही वाटतं, तुम्ही चुकलात. तुम्ही गेलात म्हणून मी मत बदलणार नाही, तुम्हाला ते आवडलंही नसतं. पोरांना खेळू द्यायला हवं होतं. आप्पांना जाऊन सांगता आलं असतं, ते समजले असते. शोएबचं शेवटचं वर्ष होतं. मी त्याला विचारलं, तुला सरांचा राग येतो का. तो म्हणाला, "येतो ना दीदी. पण कुणावर काढू? राग काढायला तर सर पायजेत." मला त्याच्यासारखं सरळ बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

विद्यापीठानं ठरवलंय, नवीन क्रीडा संचालक येईपर्यंत फुटबॉल थांबवायचा. कुणी वाईट नाही त्यात. माणूस नाही, खर्च आहे, आणि बैठकीत एक जण म्हणाले म्हणे, मठाच्या फुटबॉलला बाहेर कोण विचारतं. मी त्या खोलीत असते तरी मी काही बोलले नसते, हे मला माहीत आहे. नकाशा काढून नेऊ का, असं शिपायानं विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली, आणि हो की नाही ते मलाच कळलं नाही. मैदानावर तुम्ही अर्धवट मारलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेषा होत्या, एक गोल पूर्ण आणि एक अर्धा. त्या दिवशी सकाळी तुम्ही तिथंच खाली बसलात, उठलाच नाहीत. मी त्या अर्ध्या गोलापाशी जाऊन उभी राहिले, दुसरं काय करायचं ते सुचेना, आणि घरी आले.

काल दुपारी मी तुमची वाक्यं टाकली. कागदावर होती तशी, मराठीत, आणि खाली त्यांचं इंग्रजी. बैल, जू, सोमवार, माफी, सगळं. वर लिहिलं की हे आमच्या सरांनी त्याच रविवारी सांगितलं होतं, मी ते बदललं, चूक माझी आहे, आणि सर आता नाहीत. माझं नाव घातलं. चार वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या बंद्या उठवल्या, कोच नंबर वनची सगळ्यांत आधी. आता तुमच्या फोनवर पेज दिसतं. मामींच्या कपाटावर तो चार्जिंगला लावलेला असतो. त्या काढू देत नाहीत.

लोकांनी लिहिलं. कुणी हसले, मला वाटलं होतं तेवढे नाही. एकानं लिहिलं, हे तेव्हाच सांगायचं होतं. एकानं लिहिलं, आता सांगून काय उपयोग. दोघांचंही बरोबर आहे. केरळातल्या एकानं लिहिलं, त्यांच्या कॉलेजात रविवारी खेळत नाहीत, सकाळी चर्चला जातात, त्यावरून त्यांनाही एकदा घरी यावं लागलं होतं. तुमच्या सरांशी बोलायला आवडलं असतं, असं त्यानं लिहिलं. मी ते चार वेळा वाचलं. वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून आईला दाखवलं. ती म्हणाली, "छान लिवलंय," आणि पदर डोळ्याला लावून आत गेली.

आज सकाळी आणखी एक आला. झारखंडमधला, गावाचं नाव मी नकाशात शोधलं तेव्हा सापडलं. आधी कधी त्यानं लिहिलं नव्हतं. वरचं सगळं त्यानं वाचलं होतं की नाही, मला माहीत नाही, बहुतेक नसावं. त्यानं एवढंच विचारलं की मठाची पुढची मॅच कधी आहे, त्याला बघायची आहे.

पुढचा सामना कधी, हे नेहमी एकट्या तुमच्या डोक्यात असायचं, त्यामुळं हा प्रश्न आला की माझं उत्तर ठरलेलं असायचं. बोटांनी ते लिहिलंसुद्धा: सरांना विचारून सांगते.

गेलं ते. पुसायच्या आत त्यानं वाचलं होतं.

त्यानं उत्तर पाठवलं, ठीक आहे, मी थांबतो.